पाळीची पाळत

ठरलेल्या वेळी, कोणी बटण न दाबता, एखाद्या गोष्टीची तपासणी करायची आणि काही वावगे आढळले तरच माणसाला हाक मारायची, एवढे काम वर्कफ्लो सॉफ्टवेअरमधल्या पडद्यामागच्या पाळतीकडे असते. तपासायची गोष्ट कोणतीही असो: धरणाचा साठा, पहाटेचे तापमान, विकास सोसायटीच्या संगणकातली दिवसअखेरची नोंद किंवा रात्री घेतलेला बॅकअप. भडगाव तालुक्यात गिरणेच्या आवर्तनाची वाट पाहणारे शिवार आहे, कजगावसारखी केळीची गावे आहेत, ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारे कंट्रोलर आहेत आणि मोबाईलवरून मोटार चालू करणारे स्टार्टर आहेत. अशा ठिकाणी ही पाळत शहरातल्या सर्व्हर-खोलीपुरती राहत नाही. शेतकरी उत्पादक कंपनी, कृषी सेवा केंद्र किंवा सोसायटी यांपैकी कोणीही एखाद्या संगणकावर ती मांडू शकते. मांडणे अर्ध्या तासाचे काम आहे. ती वर्षभर खरी राहील याची सोय करणे अवघड, आणि या विषयावरची बहुतेक चर्चा त्याच अवघड भागाभोवती फिरते.

वेळापत्रक, पाळत आणि त्यांच्यावरची देखरेख ही तीन कामे खानदेशात संगणकाच्या कितीतरी आधी वेगवेगळी झालेली होती. पांझरेच्या आणि तिच्या शेजारच्या नद्यांच्या काठी चाललेल्या फड पद्धतीत पाटकरी पाणी फिरवी, जागल्या राखण करी आणि हवालदार सगळ्यांवर नजर ठेवी. पुढे सरकारी कालव्यांवर शेजपाळी आली: पाणीमागणीचे अर्ज भरायचे, क्रम ठरायचा आणि ज्याची पाळी त्याच्या शेतात पाणी. गिरणा धरणातून सुटलेले आवर्तन नदीपात्रातून जामदा बंधाऱ्यावर येते आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळते, तेव्हा आजही हाच क्रम लागतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र पाटकरी, जागल्या आणि हवालदार या तिघांना एकाच कामात कोंबण्याची सवय पडली आहे. जे काम वेळेवर चालायचे तेच आपल्या चालण्याची खबर देणार, असे गृहीत धरले जाते. पुढे येणाऱ्या बऱ्याच दोषांचे मूळ इथे आहे.

संगणकातल्या शेजपाळीचे जुने आणि अजून टिकलेले नाव क्रॉन. बेल लॅब्जमध्ये तयार झालेल्या युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत ते होते. पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेली त्याची सुधारित आवृत्ती पुढे सर्वत्र पसरली. त्याची भाषा पाच रकान्यांची: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना आणि वार. "३० ८ * * *" म्हणजे रोज सकाळी साडेआठ. आजची वर्कफ्लो साधने रंगीत पडद्यावर "रोज", "दर तासाला" असे पर्याय दाखवतात, पण त्यांच्याखाली बहुधा हेच पाच रकाने असतात आणि त्यातल्या खोडीही तशाच उतरलेल्या असतात. सर्वांत फसवी खोड तारीख आणि वार यांची. दोन्ही भरले तर माणसाला वाटते, १ तारीख सोमवारी आली तरच काम चालेल. क्रॉन ते काम दर १ तारखेला चालवतो आणि दर सोमवारीही चालवतो. बाकीच्या रकान्यांत सगळ्या अटी जुळाव्या लागतात आणि या दोघांतली एक जुळली तरी पुरते. हा नियम पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

त्याहून खोल प्रश्न वेळेचा आहे. वेळ कोणाची? भाड्याने घेतलेले सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. सकाळच्या साडेआठची तपासणी तिथे ३ वाजता लावावी लागते. एन-एट-एन हे लोकप्रिय साधन स्वतःच्या संगणकावर बसवले आणि वेळक्षेत्र सांगितले नाही, तर ते न्यूयॉर्कची वेळ धरते. मग साडेआठला लावलेली तपासणी उन्हाळ्यात भारतातल्या संध्याकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला होते, कारण तिथली घड्याळे मार्चमध्ये पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे सरकतात. भारतात घड्याळ मागेपुढे करण्याची पद्धत नसल्याने वर्षातून दोनदा होणारा हा एका तासाचा बदल इथल्या माणसाच्या ध्यानातही येत नाही.

वेळेपाठोपाठ दिवसाचा प्रश्न येतो. दिवस कधी सुरू होतो? हवामान खाते पाऊस मोजते तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा, आणि ज्या दिवशी मोजणी संपते त्या तारखेला तो नोंदवला जातो. २ जुलैच्या रात्री अकराला कोसळलेला पाऊस ३ जुलैच्या खात्यावर पडतो. मध्यरात्र ते मध्यरात्र बेरीज करणारे सॉफ्टवेअर आणि अधिकृत आकडा यांचा मेळ त्यामुळे बसत नाही, आणि कोणीतरी विनाकारण यंत्रावर संशय घेतो.

तापमानात हीच चूक अधिक महाग पडते. केळीला थंडी बाधते; जळगाव जिल्ह्यातल्या केळीसाठी हवामानावर आधारित फळपीक विम्यात कमी तापमानाचा निकष सलग तीन दिवस ८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असा राहिलेला आहे. निकष, काळ आणि रकमा शासन निर्णयागणिक बदलतात, पण "सलग इतके दिवस" हा ढाचा कायम आहे. आता समजा, बागायतदाराला आधी सावध करण्यासाठी कोणी खाजगी पाळत लावली आणि तिच्यात दिवस जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीला तोडला. ती मध्यरात्र म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेपाच. जानेवारीत पारा सर्वांत खाली असतो तो नेमका याच सुमारास, सूर्योदयाच्या आधी. एकच थंड पहाट मग दोन तारखांत वाटली जाते: पाचचे वाचन आदल्या तारखेला, साडेसहाचे पुढच्या. लागोपाठच्या दोन पहाटा गारठल्या की सॉफ्टवेअरला सलग तीन थंड दिवस दिसतात. आकडे सगळे खरे आणि निष्कर्ष मात्र खोटा.

डेटाचे वर्कफ्लो चालवणारे एअरफ्लो हे साधन एअरबीएनबी कंपनीत २०१४ मध्ये जन्मले. त्याच्या मूळ पद्धतीत दिवसाच्या प्रश्नाला एक नेटकी, पण नवख्याला गोंधळात टाकणारी तोड आहे. प्रत्येक फेरीला एक कालखंड जोडलेला असतो आणि तो कालखंड संपल्यावरच फेरी सुरू होते. म्हणजे सोमवारच्या नावाची फेरी मंगळवारी चालते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला काम एक दिवस मागे पडल्यासारखे वाटते. पण सोमवारचा पाऊस सोमवार संपल्याशिवाय मोजता येत नाही, हे ध्यानात आले की यापेक्षा सरळ हिशेब सुचत नाही.

तपासणी किती वेळाने करावी, याबद्दल दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ठराविक वेळाने विचारत राहावे. दुसरा म्हणतो, काही घडले की त्या गोष्टीनेच कळवावे. शेतातल्या मोबाईल स्टार्टरकडे दोन्ही पद्धती दिसतात: लाईट आली की तो स्वतः मेसेज पाठवतो आणि फोन करून विचारले तरी स्थिती सांगतो. तत्त्वतः कळवण्याची पद्धत स्वस्त आणि तत्पर. तिच्यात एकच खोट आहे: कळवणाराच बंद पडला तर शांतता पसरते आणि ती शांतता सगळे ठीक असल्यासारखीच ऐकू येते. म्हणून कळवण्यावर भर देणाऱ्या व्यवस्थांनाही दिवसातून एखादी विचारपूस जोडावी लागते. विचारपूस किती दाट असावी, हे त्या गोष्टीच्या चालीवर ठरते. धरणाच्या साठ्याचा आकडा दिवसातून एकदा प्रसिद्ध होत असेल, तर तो दर पाच मिनिटांनी वाचल्याने नवे काही हाती लागत नाही. समोरच्या संकेतस्थळावर भार पडतो आणि कधी तिथून दार बंद होते. उलट पूर चढत असताना दिवसातून एकदा पाहणे निरुपयोगी. ऋतूप्रमाणे फेऱ्या दाट-विरळ करता येणे ही सोय साधन निवडताना तपासून घेण्याजोगी आहे आणि ती फारशी कोणी तपासत नाही.

सगळ्यांनी एकाच वेळी विचारल्याने काय होते, ते खानदेशातल्या डीपीला, म्हणजे रोहित्राला, चांगले ठाऊक आहे. शेतीची थ्री-फेज लाईट पाळीने येते. शेतकऱ्यांनी स्टार्टरला ऑटो स्विच लावलेले असतात. लाईट येताच फीडरवरच्या सगळ्या मोटारी एका क्षणी उठतात, भार उसळतो आणि रोहित्र जळते. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण म्हणूनच पुन्हा पुन्हा करते. संगणकातले ऑटो स्विच म्हणजे मिनिटाच्या रकान्यातले शून्य. माणसाला पूर्ण तास आवडतो, त्यामुळे जगातली असंख्य कामे बरोबर तासाच्या ठोक्याला उठतात. गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेच्या दस्तऐवजात तासाच्या सुरुवातीला गर्दीमुळे वेळापत्रकातली कामे उशिरा चालतात, असे स्पष्ट लिहिले आहे. जेनकिन्स या साधनाने त्यावर उपाय म्हणून रकान्यात आकड्याऐवजी एक अक्षर लिहिण्याची सोय दिली. त्या अक्षरावरून प्रत्येक कामाला त्याच्या नावानुसार वेगळे पण कायमचे मिनिट मिळते. लिनक्समधले सिस्टमडी काम सुरू करण्याआधी काही सेकंद यदृच्छया थांबू देते. गूगल ॲप्स स्क्रिप्टमध्ये रोजच्या ट्रिगरला "८ ते ९ दरम्यान" असा तासच मिळतो, नेमके मिनिट साधन स्वतः निवडते. यांपैकी काही जमले नाही तरी साडेआठऐवजी ८ वाजून ३७ मिनिटे लिहिणे कोणालाही जमते.

लाईट गेली आणि पाळी चुकली, तर पुढे काय? याचे उत्तर कामागणिक वेगळे असते आणि साधनाने मुकाट्याने धरलेले उत्तर बहुधा गैरसोयीचे निघते. साधा क्रॉन चुकलेली फेरी विसरून जातो. क्रॉनचा भाऊबंद ॲनाक्रॉन आणि, सांगितले तर, सिस्टमडी संगणक चालू होताच राहिलेली फेरी एकदा करून घेतात. एअरफ्लो, मागची भरपाई चालू ठेवली असेल, तर चुकलेल्या प्रत्येक कालखंडाची फेरी काढतो. कुबरनेटिस या साधनाच्या दस्तऐवजानुसार शंभराहून अधिक फेऱ्या चुकल्या तर ते काम सुरू करण्याचेच थांबवून नोंदवहीत चूक लिहिली जाते. पाऊस मोजणाऱ्या कामाला मागची भरपाई हवी, कारण बेरीज अपुरी राहते. "आत्ता टाकीत पाणी आहे का" हे पाहणाऱ्या कामाला ती नको. कालच्या टाकीत आज कोणी डोकावत नाही. भरपाई करताना तोच इशारा दुसऱ्यांदा जाऊ नये म्हणून प्रत्येक इशाऱ्यावर ठिकाण, तारीख आणि निकष यांची खूण ठेवावी लागते. ती खूण आधीच नोंदलेली असेल तर पुन्हा पाठवायचे नाही, एवढा नियम पुरतो.

याउलट, फेरी लांबली आणि पुढची तिच्या अंगावर आली, अशीही वेळ येते. दहा मिनिटांचे काम दर पाच मिनिटांनी लावले की एकाच वहीत दोन कारकून लिहू लागतात. कुबरनेटिस इथे तीन वाटा देते: दोन्ही चालू द्या, नवीन थांबवा किंवा जुने मोडून नवीन सुरू करा. पाळतीच्या कामाला बहुधा मधली वाट मानवते.

आढळलेल्या आकड्याला वावगे कधी म्हणायचे, इथे पाळतीचा खरा कस लागतो. ट्रिगर हा शब्द विम्याच्या निकषांमुळे केळी उत्पादकांना नवा नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे त्या महसूल मंडळात अतिवृष्टी, हेही शेतकऱ्याला तोंडपाठ असते. अशा रेषा पंचनाम्यासाठी आणि भरपाईसाठी ठीक आहेत. सावध करण्यासाठी त्या उशिराच्या ठरतात. ६५ मिलिमीटर पडून गेल्यावर चाऱ्या मोकळ्या करायला सांगण्यात अर्थ नसतो. अधिकृत रेषा आणि इशाऱ्याची रेषा म्हणून वेगळी ठेवावी लागते. दुसरी अडचण काठावरच्या आकड्याची. पारा ७.९ आणि ८.१ यांच्यात झुलत राहिला, तर रात्रभर इशारा आणि माघार यांची रांग लागते. नागिऑस या जुन्या साधनाने त्यासाठी कच्ची आणि पक्की अशा दोन अवस्था मानल्या: पहिले वाईट वाचन कच्चे, ठरलेल्या संख्येइतके ते पुन्हा आले तरच पक्के, आणि हाक पक्क्यावरच. प्रोमिथिअस या देखरेखीच्या साधनात अट अमुक वेळ सलग टिकली पाहिजे, असे लिहिता येते. विम्यातल्या "सलग तीन दिवसां"चा बाज तोच आहे. इशारा ८ ला द्यायचा आणि मागे मात्र ९ वर गेल्यावर घ्यायचा, हा आणखी एक साधा तोडगा. थर्मोस्टॅट वर्षानुवर्षे असाच चालतो.

एककांची गफलत किरकोळ वाटते, पण वारंवार होते. गिरणा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे साडेअठरा टीएमसी (अब्ज घनफूट), दलघमीत (दशलक्ष घनमीटरमध्ये) सांगायचा तर ५२३ च्या आसपास. एक तक्ता एका एककात आणि मर्यादा दुसऱ्यात लिहिली की इशारा एकतर रोज येतो किंवा कधीच येत नाही. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढली की एकूण साठ्यावर, हेही मर्यादेशेजारी लिहिलेले असावे.

सर्वांत घातक गफलत मात्र शून्य आणि कोरे यांच्यातली. राज्य शासनाच्या महावेध प्रकल्पात स्कायमेट कंपनीने महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. कोणत्याही केंद्राच्या पर्जन्यमापकाचे नरसाळे पाल्याने किंवा पक्ष्यांच्या विष्ठेने तुंबू शकते. मग तो इमानदारीने शून्य पाठवत राहतो. केंद्राचे सिमकार्ड बंद पडले तर काहीच येत नाही, आणि वर्कफ्लोमधला एखादा टप्पा त्या रिकाम्या जागीही शून्य भरतो, कारण बेरीज करताना कोरा रकाना त्याला अडतो. दोन्हीकडे पडद्यावर दिसते ते "पाऊस नाही". उपाय दोन्हीकडे वेगळे आहेत. कोऱ्याला कोरेच ठेवायचे आणि इतक्या वेळात वाचन आले नाही हाच एक इशारा मानायचा. खोट्या शून्यासाठी शेजाऱ्याकडे पाहायचे: कोळगाव आणि आमडदे या दोन्ही गावांत चांगला पाऊस आणि मधल्या ठिकाणी आठवडाभर शून्य, तर आधी नरसाळे पाहून यावे. खानदेशात पाऊस एका शिवारात पडून दुसऱ्यात न पडणे नवलाचे नाही, म्हणून एका दिवसाच्या फरकावरून निकाल देता येत नाही.

इशारा तयार झाला म्हणजे पोचला असे नाही. भारतात एसएमएस पाठवण्यासाठी संस्थेचे नाव आणि मजकुराचा साचा दूरसंचार कंपन्यांकडे आधी नोंदवावा लागतो. साच्याबाहेरचा मजकूर वाटेतच अडवला जातो. ८ मार्च २०२१ रोजी ही चाळणी लागू झाली, तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि ती काही दिवस थांबवावी लागली. साच्यात ठरलेल्या जागी आकड्याऐवजी एखादे लांबलचक वाक्य भरणारा वर्कफ्लो आजही असाच अडतो, आणि पाठवणाऱ्याच्या नोंदीत कधी "पाठवला" असेच लिहिलेले दिसते. व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेला इशारा पोचतो, पण शुभेच्छांच्या चित्रांखाली बुडतो. दिवसाला वीस इशारे देणाऱ्या पाळतीकडे आठवड्यात कोणी बघेनासे होते. म्हणून एकाच कारणाचे इशारे एकत्र बांधणे, धरणाचे वाचनच आले नसेल तर त्यावर बेतलेले बाकीचे इशारे दाबणे आणि रात्रीच्या हाकेसाठी वेगळी, चढी रेषा ठेवणे या सोयी प्रोमिथिअसच्या इशारा-व्यवस्थेपासून बहुतेक साधनांत आल्या आहेत. त्या वापरल्या कमी जातात.

उरतो तो हवालदार. जागल्या झोपला हे जागल्या सांगू शकत नाही. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी चालू डेटाबेसमधली सुमारे ३०० जीबी माहिती चुकून पुसली गेली. बॅकअपकडे धाव घेतल्यावर कळले, की ते घेणाऱ्या कामात डेटाबेसची जुनी आवृत्ती वापरली जात असल्याने ते कधीचे फसत होते. फसल्याचे ईमेलही निघत होते. पण त्यांवर आवश्यक ती सही नसल्याने समोरच्या व्यवस्थेने ते नाकारले होते. सुमारे सहा तासांची माहिती परत मिळाली नाही. कंपनीने हा सगळा प्रकार स्वतः सविस्तर प्रसिद्ध केला, म्हणून तो इतका उपयोगी ठरला. यावरची तोड उलट्या हजेरीची: प्रत्येक यशस्वी फेरीने बाहेरच्या, वेगळ्या ठिकाणी एक खूण करून यावी आणि ठरल्या वेळेत खूण आली नाही तर त्या ठिकाणाने आरडाओरड करावी. बाहेरचे ठिकाण खरोखर बाहेरचे हवे. त्याच संगणकावर, त्याच लाईटवर आणि त्याच इंटरनेटवर बसवलेला हवालदार जागल्याबरोबरच झोपतो. शिवाय खूण कामाच्या शेवटी करायची, सुरुवातीला नव्हे; आणि महिन्यातून एकदा मर्यादा मुद्दाम खाली आणून खरा इशारा खऱ्या फोनवर वाजतो का, ते पाहायचे.

ही कामे कोणाच्या नावावर चालतात, हेही पाहून ठेवावे लागते. ॲप्स स्क्रिप्टमधला ट्रिगर ज्याने लावला त्याच्या खात्याने चालतो. संस्थेतला संगणक ऑपरेटर नोकरी सोडून गेला, त्याचे खाते बंद झाले, की त्याच्या साऱ्या पाळती एका रात्रीत थांबतात. पासवर्ड बदलणे, परवान्याची मुदत संपणे, सिमकार्डचे रिचार्ज राहणे यांचा परिणाम तोच होतो. गिटहब तर सार्वजनिक प्रकल्पात ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर वेळापत्रकातली कामे आपणहून बंद करते. हंगामी पाळतीला हा नियम हमखास नडतो: थंडीची पाळत फेब्रुवारीअखेर निवांत होते, आठ महिने तिच्याकडे कोणी फिरकत नाही, आणि नोव्हेंबरात ती चालू असेल असे सगळे धरून चालतात. म्हणून प्रत्येक पाळतीच्या नोंदीत तिचा धनी, तिचा हंगाम आणि पुन्हा तपासून सुरू करण्याची तारीख लिहितात. केळीच्या थंडीसाठी ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ठेवली की चाचणीला पुरेसे दिवस मिळतात.